कॅम्पर घेऊन वेळासला: बेत शेवटाकडून आखा

सहलीचा बेत आपण निघण्यापासून आखायला घेतो. किती वाजता निघायचं, नाश्ता कुठे करायचा, टोल किती पडेल. साध्या मोटारीला हे चालून जातं, कॅम्पर व्हॅनला नाही. तिची खरी अडचण महामार्गावर येतच नाही. ती येते शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये. दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे जवळ येतात, डोक्यावर केबल लोंबत असते, समोरून एसटी येते आणि मागे वळायला जागा नसते. म्हणून कॅम्परच्या सहलीचा बेत गावापासून मागे मागे आखत चिंचवडपर्यंत यावं. आधी गाव, मग जेटी, मग घाट, मग गाडी आणि सगळ्यात शेवटी निघण्याचा दिवस.

या लेखात उदाहरण घेतलं आहे वेळासचं. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं, सावित्री नदीच्या मुखाजवळचं हे छोटं गाव पिंपरी-चिंचवडहून साधारण दोनशे किलोमीटरवर आहे. केळशी, आंजर्ले किंवा तुमच्या मनातलं किनाऱ्यावरचं दुसरं एखादं आडगाव असेल, तरी रीत हीच.

गाव: आधी फोन, मग तारीख

नाना फडणवीसांचं भानू घराणं मूळचं वेळासचं. आज मात्र गावाची ओळख आहे ती ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे २००२ मध्ये कासवांची घरटी वाचवण्याचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटकांची सोय गावातल्या घरांतूनच होते. मोठी हॉटेलं नाहीत आणि कॅम्परसाठी वीज-पाण्याची आखीव जागाही नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण आडगावात पोचल्यावर तशी सोय मिळेल हे गृहीत धरू नका.

तारीख ठरवताना कासवांचं वेळापत्रक समजून घ्या. मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन शंभरच्या आसपास अंडी घालते. ती उबायला सुमारे ४५ ते ५५ दिवस लागतात. त्यामुळे पिल्लं बाहेर पडण्याचा काळ ढोबळमानाने फेब्रुवारी ते एप्रिल. नेमका दिवस मात्र कुणीच सांगू शकत नाही. घरटी कधी सापडली यावर महोत्सवाच्या तारखा ठरतात, आणि त्या तारखांतही एखाद्या सकाळी एकही पिल्लू निघत नाही. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

गर्दी नको असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. एप्रिलच्या मध्यानंतर उकाडा वाढतो आणि विहिरींचं पाणी खाली जातं. पावसाळ्यात कॅम्पर किनाऱ्याकडे नेऊच नये. घाटात दरडी, खाडीत बेभरवशाची फेरी आणि गावात चिखल अशी तिहेरी अडचण होते.

झोपायची सोय गाडीत असली तरी गावात घरगुती निवासातली एक खोली घ्याच. यात व्यवहार आहे आणि रीतही. अंघोळीला न्हाणीघर मिळतं, शौचालय मिळतं, अंगणात गाडी लावायची परवानगी मिळते, साधं घरगुती जेवण मिळतं आणि चार पैसे गावात राहतात. गावाचं पाणी वापरायचं, कचरा तिथेच टाकायचा आणि खर्च मात्र सगळा चिंचवडच्या सुपरमार्केटात करायचा, असा पाहुणा कुठल्याही गावाला नकोसाच होतो.

गाडी उभी कुठे करायची

पुळणीवर नाही. यावर चर्चाच नको. ओल्या वाळूवरून गाडी सहज जाते असं वाटतं, पण थांबलेल्या चाकाखालची वाळू पाण्याने सैल होते आणि चाक रुततं. साडेतीन टनांची गाडी रुतली की गावचा ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते. कोकणच्या किनाऱ्यांवर दरवर्षी गाड्या अशाच अडकतात. शिवाय वेळासच्या वाळूत घरटी असतात. ऑलिव्ह रिडले हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. चाकाखाली घरटं आलं तर प्रकरण दंडावर भागणार नाही.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. पहिली, माडाखाली गाडी लावू नका. नारळ किंवा वाळलेली झावळी पडली तर छतावरचं सोलर पॅनेल आणि पुढची काच दोन्ही जातात. दुसरी, वरून जाणाऱ्या तारा. गाडीची उंची आरसी बुकातून घेऊ नका, टेप लावून मोजा. एसी, सोलर, छतावरचा कॅरिअर धरून जी उंची येईल ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. लांबी आणि आरसे उघडे धरून रुंदीही लिहा. तिसरी, जमीन सपाट हवी. उतारावर काही प्रकारचे फ्रिज नीट चालत नाहीत आणि रात्रभर झोप घसरत राहते. चौथी, गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेने हवं. रात्री कुणाची तब्येत बिघडली तर अंधारात रिव्हर्स घेण्याची वेळ येऊ नये.

दिव्यांचा मुद्दा वेळासला विशेष महत्त्वाचा आहे. कासवाची पिल्लं जन्मल्यावर उजळ क्षितिजाकडे धावतात. नैसर्गिक अंधारात ते क्षितिज समुद्राचं असतं. किनाऱ्याच्या बाजूला पांढरा प्रखर दिवा दिसला तर पिल्लं उलटी वळतात आणि मादीही अंडी न घालता परत फिरते. म्हणून बाहेरचे एलईडी बंद, पडदे ओढलेले आणि किनाऱ्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश नाही.

पाणी, शौचालय, कचरा

पाण्याचा हिशोब आधी कागदावर करा. चार माणसं, दोन दिवस धरू. पिण्यासाठी माणशी रोज ३ लिटर म्हणजे २४ लिटर. स्वयंपाक आणि भांड्यांना रोज १० म्हणजे २०. हात-तोंड धुण्यासाठी माणशी रोज ५ म्हणजे ४०. एकूण ८४ लिटर. अंघोळी यात नाहीत, त्या खोलीवर उरकायच्या. एका अंघोळीला बादलीभर, म्हणजे १५ लिटरच्या वर पाणी जातं. चौघांनी गाडीत अंघोळ केली तर टाकी एका सकाळीच तळाला जाईल. टाकी घरून भरून न्या. गावात भरायची झाली तर विचारून भरा आणि पैसे विचारा. उन्हाळ्यात कोकणातल्या अनेक वाड्यांना पाणी मोजून वापरावं लागतं.

शौचालयाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॅम्परमधल्या कॅसेट टॉयलेटची टाकी गावात रिकामी करायची नाही. नाल्यात, वाडीत आणि यजमानांच्या सेप्टिक टँकमध्येही नाही. टॉयलेटच्या काही रसायनांत फॉर्मल्डिहाइड असतं. ते सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मारून टाकतं. शिवाय कोकणातला जांभा सच्छिद्र असतो. शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपत विहिरीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून जैविक द्राव वापरा, टॉयलेट फक्त रात्रीपुरतं ठेवा आणि टाकी परतल्यावर घरच्या शौचालयात रिकामी करा. सांडपाण्याची टाकीही तशीच बंद ठेवा. तेलकट भांडी आधी कागदाने पुसून घेतली तर सांडपाणी कमी होतं.

कचऱ्यासाठी झाकणाची बादली न्या. वेष्टणं, बाटल्या, डायपर सगळं परत आणायचं. महापालिकेची घंटागाडी आपल्याकडे रोज येते, गावात ती येईलच असं नाही.

वीज आणि गॅस

शंभर अँपिअर-तासांच्या १२.८ व्होल्ट लिथियम बॅटरीत १,२८० वॅट-तास वीज साठते. छोटा फ्रिज दिवसाला सुमारे ५०० खातो, २५ वॅटचे दोन पंखे आठ तास चालले तर ४००, दिवे आणि मोबाइल मिळून १५०. एकूण १,०५०. म्हणजे एक दिवस जेमतेम निघतो. एक टनाचा एसी लावला तर हीच बॅटरी तासाभरात बसते. डिसेंबर ते फेब्रुवारीत समुद्राकडच्या गावात रात्री पंख्यावर भागतं, फक्त खिडक्यांना मच्छरजाळी हवी. यजमानांच्या घरून वायर घ्यायची असेल तर अर्थिंग तपासा आणि एसी लावू नका. वाडीतला विजेचा दाब आधीच कमी असतो, त्यांच्या घरातले पंखे मंदावतील. वापरलेल्या विजेचे पैसे न मागता द्या.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत टाकून निघणं धोक्याचं आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर पट्ट्याने जखडून, उभाच ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, नाकाला लवकर कळत नाही. म्हणून जमिनीच्या पातळीवर हवा जाण्याची झडप हवी. स्वयंपाक करताना दार उघडं ठेवा आणि चाक फिरायच्या आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. इंडक्शनचा मोह टाळा, त्याची भूक एसीसारखीच.

जेटी: भरतीचं गणित

गावापासून मागे आलं की सावित्रीची खाडी लागते. अलीकडे रायगड जिल्ह्यातलं बागमांडला, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातलं वेसवी. मधलं अंतर गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने काही मिनिटांत कापलं जातं. वेसवीला उतरलं की बाणकोटमार्गे वेळास पंधराएक किलोमीटर. वाटेत बाणकोटचा किल्ला आहे. १७५५ मध्ये इंग्रजांनी तो तुळाजी आंग्रेंकडून घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणू लागले. वरून खाडीचं मुख आणि समोरचं हरिहरेश्वर दोन्ही दिसतात. गाडी खाली लावून चढून जा.

फेरीवर साधी मोटार विनासायास चढते. कॅम्परचा प्रश्न मागच्या चाकांपलीकडे लोंबणाऱ्या भागाचा असतो. तिथेच खाली पाण्याची टाकी, पायरी किंवा पाइप असतात. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो आणि हा भाग रॅम्पला घासतो. म्हणून जेटीवर पोचण्याची वेळ भरतीच्या जवळपास ठेवा.

भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब ढोबळ आहे. बेत आखायला तो पुरतो, निघताना मात्र भरतीचं छापील वेळापत्रक बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा असतो, आणि त्या दिवशी ओहोटी नेमकी पहाटे व संध्याकाळी पाच-साडेपाचला येते. म्हणजे अशा दिवशी पहिली किंवा शेवटची फेरी गाठायला जाल तर रॅम्प सर्वांत अवघड मिळेल. त्याऐवजी सकाळी दहा-अकराची फेरी धरा.

चढताना बोटीवरच्या माणसाचं ऐका. तो रिव्हर्सने घ्या म्हणाला तर रिव्हर्सने घ्या. माणसं आधी उतरवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, गॅस बंद. कॅम्परची लांबी, उंची आणि वजन आदल्या दिवशी फेरीच्या कार्यालयात फोनवर सांगून ठेवलं तर जेटीवर हुज्जत होत नाही.

फेरी बंद असेल तर दुसरी वाट माणगाव, गोरेगाव, आंबेत, मंडणगड अशी. सावित्रीवरचा आंबेत-म्हाप्रळ पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद राहिला होता. कॅम्परच्या वजनाच्या गाडीला तो त्या दिवशी खुला आहे ना, हे विचारूनच ही वाट धरा.

घाट आणि वजनकाटा

पिंपरी-चिंचवडकरांना जवळची वाट हिंजवडी, माण, घोटावडे, पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाटातून माणगावला उतरते. चाकण-तळेगावच्या लोकांना दुसरी वाट सोयीची: तळेगावहून द्रुतगती महामार्ग, खोपोली, पाली, वाकण आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव. ही लांब आहे, पण अवजड गाडीला वळणं कमी लागतात. दोन्हींकडून पुढे म्हसळा, मग हरिहरेश्वरच्या दिशेने बागमांडला. डिझेल माणगावला भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा, पुढे नेटवर्कच्या भरवशावर यूपीआय चालेल याची खात्री नाही. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये गाडी ठेवा. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वळणावर सुटतो. मुलांना मागच्या पलंगावर झोपवून प्रवास करू नका. गाडी चालू असताना प्रत्येकाने सीटवर, पट्टा लावून बसायचं. कपाटांना कड्या आणि भांड्यांमध्ये टॉवेल.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात राहण्याचा एक फायदा इथे घ्या. भोसरी, चाकण, तळेगाव एमआयडीसीत वजनकाट्यांची कमी नाही. पाणी, डिझेल, सामान भरून, सगळी माणसं बसवून गाडी काट्यावर चढवा. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. आलेलं वजन आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा आणि पुढच्या-मागच्या धुऱ्यावर किती भार पडतो ते बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चौघांचं कुटुंब, ८४ लिटर पाणी, गाद्या, बॅटरी, सायकली धरता कॅम्पर मर्यादेच्या किती जवळ जाते हे पाहून अनेकांना धक्का बसतो. जड सामान खाली आणि दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये ठेवा, छतावर नको. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कॅम्पर बराच काळ उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायर सहा वर्षांपुढचे असतील तर बदला.

गाडी: भाड्याची की स्वतःची

पहिल्यांदा जात असाल तर भाड्याने घ्या. चालकासह मिळणाऱ्या गाडीला पिवळी पाटी हवी, स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे. पांढऱ्या पाटीची खासगी कॅम्पर भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. साध्या मोटारीच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं वाहन, व्यावसायिक असलं तरी, चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. कायदा परवानगी देतो म्हणून हात बसलेला असतो असं नाही. जो चालवणार त्याने आधी अर्धा दिवस रिकाम्या रस्त्यावर रिव्हर्सचा सराव करावा.

स्वतःची व्हॅन घेऊन भोसरीतल्या एखाद्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आत पलंग, ओटा आणि गॅस बसवून घ्यावा, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. कौशल्य इथे आहेच, पण कागद विसरू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलांत बसणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. अशी तपासणी करणाऱ्या संस्थाही आपल्या दारातच आहेत: भोसरीला सीआयआरटी, चाकणला एआरएआयचं केंद्र. काम सुरू करण्याआधी एमएच-१४ च्या आरटीओत काय चालेल ते विचारा आणि झालेला बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

परतल्यावर पहिलं काम म्हणजे गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन घेणं. सॉल्ट स्प्रे टेस्टमध्ये मिठाच्या पाण्याने पत्र्याचं काय होतं, हे चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

दिवस: आपला गुरुवार

पिंपरी, भोसरी, चाकणच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. नातेवाइकांची लग्नं चुकतात म्हणून आपण कुरकुरतो, पण कॅम्परच्या सहलीला हीच सुट्टी सर्वांत चांगली. शनिवार-रविवारी ताम्हिणीत रांगा, जेटीवर रांगा आणि गावात वाहनतळ भरलेला असतो. गुरुवारी यातलं फार काही नसतं. शुक्रवारची एक रजा टाका. पहाटे पाचला निघा, म्हणजे हिंजवडीची आणि चाकण चौकाची कोंडी सुरू होण्याआधी बाहेर पडाल आणि अकराच्या आत जेटीवर असाल. शुक्रवारी सकाळी कासवं, मग नाश्ता, आणि भरती बघून अकरा ते दोनच्या दरम्यान फेरी. अंधार पडण्याआधी घाट चढून घ्या.

औषधांच्या डब्याबरोबर मंडणगडच्या ग्रामीण रुग्णालयाचा आणि श्रीवर्धनच्या रुग्णालयाचा क्रमांक लिहून ठेवा. रात्री गाडीबाहेर राहिलेल्या चपला झटकून घाला. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. मात्र ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेळेत मिळायला हवं. दंश झाल्यास थेट आरोग्य केंद्र गाठा.

फोनवर विचारायचे प्रश्न

यजमानांना: घरापर्यंत एसटी किंवा मोठा टेम्पो येतो का? वाटेत सर्वांत खालची तार कुठे आहे? अंगणात गाडी वळते का? सध्या पाण्याची स्थिती काय? कोणत्या कंपनीचं नेटवर्क मिळतं? महोत्सवाच्या तारखा ठरल्या का?

फेरीच्या कार्यालयाला: या लांबी-वजनाची गाडी घेता का? पहिली आणि शेवटची फेरी कधी? ओहोटीला मोठी गाडी थांबवता का?

आरटीओ किंवा गाडीमालकाला: पाटी, फिटनेस, विमा आणि पीयूसी चालू आहेत का?

यातला पहिला प्रश्न निर्णायक आहे. जिथे एसटी जाते तिथे बहुतेक कॅम्पर जातात. एसटी फाट्यावरच थांबत असेल तर तुम्हीही फाट्यावर थांबा आणि यजमानांना रिक्षा पाठवायला सांगा. आणि रस्ता, जागा, पाणी यांपैकी एकाचंही उत्तर नकारार्थी आलं, तर कॅम्पर या खेपेला मुळशीच्या बाजूला न्या, वेळासला साधी मोटार घेऊन जा. घरगुती निवास तिथे आहेच.